गाडी कडक केली म्हणजे वळणात चिकटते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०१५ ची स्विफ्ट डिझेल, व्हीडीआय, ९४,००० किलोमीटर झालेली. सांगलीहून महिन्यातून दोनदा रत्नागिरीला जाणं, म्हणजे आंबा घाट आलाच. वळणात गाडीचं नाक बाहेर पळतं, उखडलेल्या डांबरावर मागचा भाग टुणटुण उडतो आणि हायवेला नव्वदच्या पुढे गाडी तरंगल्यासारखी वाटते. मित्र म्हणतोय, लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली बसवणारी स्प्रिंग) टाक, १७ इंची अलॉय घे, २०५/४५ चे टायर चढव, गाडी रुळावरून चालल्यासारखी होईल. बजेट ४०,००० रुपये. करू का?

नका करू. निदान आत्ता तरी नको.

कोल्हापुरात उद्यमनगरात गेली सव्वीस वर्षं मी सस्पेन्शन आणि अलाइनमेंट एवढंच काम करतो. मधली काही वर्षं नाशिकच्या रॅलीत गाड्यांच्या सर्व्हिसलाही जात होतो. तिथं पहिल्यांदा गेलो तेव्हा माझाही समज तुमच्या मित्रासारखाच होता. पण कच्च्या रस्त्यावर जीव तोडून पळणाऱ्या त्या गाड्या उंच होत्या. स्प्रिंग लांब, चाकाला वर-खाली जायला भरपूर जागा. खड्ड्यातून गेल्यावर चाक पुन्हा जमिनीवर किती लवकर येतं, सगळा खेळ त्यावर होता. गाडी रस्त्याला टेकते ती चार तळहातांएवढ्या रबरावर. ते रबर हवेत असेल तेवढा वेळ स्टिअरिंग, ब्रेक, एबीएस, सगळं शोभेचं. आंबा घाट काही रेस ट्रॅक नाही. मिऱ्या–नागपूर महामार्गाच्या चौपदरीकरणाच्या कामामुळे रस्ता कुठे गुळगुळीत, कुठे उखडलेला. अशा ठिकाणी कडक, खाली बसवलेली गाडी ताशी चाळीसलाही वळणात उड्या मारत बाहेर सरकते.

हे मी पैसे घालवून शिकलोय. धंदा नवा होता तेव्हा माझ्याकडे जुनी एस्टीम होती. तिच्या स्प्रिंग मीच कापल्या, दीड-दीड वेढा. गाडी दिसायला काय देखणी झाली! पंधरा दिवसांनी आंबोली उतरताना एका डावीकडच्या वळणात मध्येच खड्डा लागला, पुढचा शॉकअप खाली बसून बंप स्टॉपरवर, म्हणजे शेवटच्या रबरी ठोकळ्यावर, आदळला आणि गाडीचं नाक हातभर बाजूला उडालं. समोरून एसटी येत नव्हती म्हणून आज हे लिहितोय. स्प्रिंग संपली आणि गाडी स्टॉपरवर टेकली की तिथं सस्पेन्शन उरतच नाही, सगळा भार एकदम टायरवर येतो आणि टायर सुटतो. बसवलेल्या गाडीत ही जागा आधीच कमी असते.

दुसरं कारण जरा किचकट आहे, पण समजून घ्या. तुमच्या गाडीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे. खाली एक लोअर आर्म, वर थेट शॉकअप. कंपनीने तो आर्म अशा कोनात ठेवलेला असतो की वळणात गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती झुकते, तो बिंदू योग्य उंचीवर राहावा. गाडी ४० मिलिमीटर खाली आणली की वजनाचा मध्य तेवढाच खाली येतो, पण हा झुकण्याचा बिंदू त्याहून जास्त खाली घसरतो. दोघांतलं अंतर वाढतं आणि गाडीला झुकवणारी तरफ लांब होते. म्हणून स्प्रिंग तेवढीच मऊ ठेवून नुसती उंची कमी केली तर गाडी कमी नाही, जास्त झुकते. हे झाकायला स्प्रिंग कडक करावी लागते, आणि कडक स्प्रिंग सांभाळायला शॉकअपही तसाच लागतो. मूळ शॉकअपवर लोअरिंग स्प्रिंग म्हणजे बैलगाडीला मोटारीचा हॉर्न. तुमचे शॉकअप तर ९४,००० चे आहेत.

आता तुमच्या तीन तक्रारींकडे येऊ. तिघींची मुळं वेगळी असावीत असं मला वाटतं.

मागचं टुणटुणणं म्हणजे मागचे शॉकअप गेले. बॉनेट किंवा डिकी दाबून सोडायची आणि किती वेळा हलते ते मोजायचं, ही चाचणी सगळेच करतात. पूर्ण मेलेला शॉकअप तिच्यात सापडतो, अर्धमेला सापडत नाही. त्यापेक्षा मागच्या टायरच्या नक्षीवरून तळहात गोल फिरवून बघा. मध्येच उंच, मध्येच खोल असे डाग लागले तर चाक रस्त्यावर नाचत होतं असं समजा. शॉकअपच्या बॉडीवर तेलाची ओली पट्टी दिसली तर प्रश्नच मिटला. शॉकअप एका दिवसात जात नाही, रोज थोडा थोडा जातो आणि आपल्याला सवय होत जाते. म्हणून गिऱ्हाईक म्हणतं, "शॉकअप ठीक आहेत." नवे टाकल्यावर तेच गिऱ्हाईक म्हणतं, "गाडी पहिली अशी होती होय!"

नव्वदच्या पुढचं तरंगणं शॉकअपमुळेही असतं, पण मला जास्त संशय लोअर आर्मच्या मागच्या बुशवर, म्हणजे आर्म गाडीला जोडणाऱ्या रबरी तुकड्यावर आहे. या बुशचं रबर फाटलं की ब्रेक मारताना चाक किंचित मागे सरकतं, ॲक्सिलरेटर दिला की पुढे. म्हणजे तुम्ही स्टिअरिंग स्थिर धरलंय आणि चाकाची दिशा आपली आपणच बदलतेय. जोडीला लिंक रॉड, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड आणि वरचं स्ट्रट माउंटिंग तपासून घ्या. हे सगळं बदलताना एक गोष्ट मेकॅनिकला स्वतः उभं राहून सांगा: बुशचे बोल्ट शेवटचे कसायचे ते गाडीचं वजन चाकांवर आल्यावर. लिफ्टवर चाकं लोंबत असताना बोल्ट कसले तर रबर त्या लोंबत्या स्थितीत आवळलं जातं. गाडी खाली आली की ते कायम पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. घाईघाईत ही चूक सर्रास होते. मग दोष पार्टला दिला जातो.

नाक बाहेर पळणं ही मात्र टायरची तक्रार. थोडी चालवण्याचीही, तिच्याकडे नंतर येतो.

तुमच्या गाडीचे मूळ टायर १६५/८० आर १४, म्हणजे रुंदी १६५ मिलिमीटर, भिंत रुंदीच्या ८० टक्के आणि रिम १४ इंची. हे टायर कंपनी निवडते ते मायलेज आणि आयुष्य बघून. रबर टणक, रुंदी कमी. खांद्यावरची भिंत उंच, १३२ मिलिमीटर, त्यामुळे वळणात टायर आधी मुडपतो आणि मग गाडी वळते. मित्राने सांगितलेल्या २०५/४५ आर १७ ची भिंत ९२ मिलिमीटर. म्हणजे खड्डा आणि रिम यांच्यामधली ४० मिलिमीटर गादी गेली. कोकणातल्या पावसाळ्यानंतर अशा रिम सरळ करायला माझ्याकडे रांग लागते, आणि भिंतीला फुगा आलेला टायर तर फेकूनच द्यावा लागतो. शिवाय १७ चं चाक बहुतेक वेळा जड असतं. जड चाक खड्ड्यातून उसळलं की त्याला खाली आणायला शॉकअपला जास्त कष्ट. तिसरी गोष्ट कुणी बघत नाही: त्या मापाच्या साध्या टायरवर लोड इंडेक्स ८४ असतो, म्हणजे एका टायरला ५०० किलो. तुमच्या मूळ टायरचा ८५, म्हणजे ५१५ किलो. पाच माणसं, डिकीत हापूसच्या पेट्या आणि घाटाचा उतार, अशा वेळी मूळपेक्षा कमी ताकदीचा टायर कशाला?

मी काय टाकीन? १८५/६५ आर १५. हेच माप तुमच्याच पिढीच्या झेडडीआयला, म्हणजे वरच्या मॉडेलला, कंपनीतून येत होतं. बाहेरचा व्यास ६२१.५ मिलिमीटर, तुमच्या आताच्या टायरचा ६१९.६. स्पीडोमीटरला फरक पडत नाही आणि १४ ची स्टेपनी अडीअडचणीला तशीच चालते. लोड इंडेक्स ८८. झेडडीआयच्या जुन्या पण मूळ अलॉय बाजारात मिळतात; चार बोल्ट, १०० मिलिमीटरचं वर्तुळ, मधलं भोक ५४.१ मिलिमीटर. हे मधलं भोक महत्त्वाचं. बाहेरच्या अलॉयचं भोक बहुधा मोठं असतं. मधे रिंग घातली नाही तर चाक मध्यावर बसायचं काम एकट्या नटांवर येतं आणि शंभरला स्टिअरिंग थरथरतं. मग माणूस चार वेळा बॅलन्सिंग करून दमतो. जुनी रिम घेताना बॅलन्सिंग मशीनवर फिरवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. चांगल्या रिम मिळाल्या नाहीत तर तुमच्याच १४ च्या रिमवर १८५/७० टाका. व्यास ६१४.६, एक टक्क्याच्या आतला फरक. दिसायला काही कळणार नाही, वळणात कळेल.

माप ठरलं की कंपनीपेक्षा टायरचा प्रकार बघा. एकाच कंपनीत लाखभर किलोमीटर टिकेल म्हणून विकला जाणारा टायर असतो आणि ओल्या रस्त्यावर पकड धरणारा मऊ टायरही असतो. घाट आणि कोकणचा पाऊस असेल तर दुसरा घ्या, तो पंधरा-वीस हजार किलोमीटर आधी संपेल हे मान्य करून. भिंतीवर शेवटी चार आकडे असतात ते वाचा. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. दुकानात दोन वर्षं पडून राहिलेला टायर स्वस्त देत असतील तर तो स्वस्त का आहे ते कळलं.

एक गोष्ट जोर देऊन सांगतो, कारण इथं नव्वद टक्के लोक आणि निम्मे टायरवालेही उलटं करतात. बजेट अपुरं पडलं आणि दोनच टायर नवे घेतले, तर ते मागे टाका. पुढे नाही. सगळे म्हणतात, इंजिन पुढे, स्टिअरिंग पुढे, ब्रेकचा भार पुढे, मग नवे टायरही पुढे. पण पुढचं चाक सुटलं तर गाडी सरळ जाते, तुम्हाला स्टिअरिंगमध्ये कळतं, पाय उचलला की सावरते. मागचं चाक सुटलं तर गाडी फिरते, आणि फिरायला लागलेली गाडी घाटात सावरणारे हात फार थोड्यांचे असतात. पाऊस, उतार, वळणात घाबरून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, वजन पुढे गेलं, मागे गोटा टायर. माझ्या आवारात आलेल्या अशा दोन गाड्या मी पाहिल्या आहेत, दोन्हींचे पुढचे टायर कोरे होते.

हवा सकाळी थंड टायरमध्ये भरा, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर जो स्टिकर आहे त्यावरचा आकडा बघून. पंपावरचा पोरगा सगळ्यांना सरसकट ३५ भरतो. जास्त हवा म्हणजे टायर मध्येच टेकणार, कडेची नक्षी नुसती बघायला. पाच माणसं असतील तेव्हा स्टिकरवरचा भरल्या गाडीचा आकडा. नायट्रोजन भरू का असं विचारणारे बरेच असतात. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे, ते पैसे वडापावाला ठेवा.

शॉकअपसाठी माझं मत असं: मूळ स्प्रिंग तशीच ठेवा आणि चारही शॉकअप बदला. जोडीने बदलायचे, एक कधीच नाही. गॅब्रिएल, मनरो, केवायबी यांपैकी कुणाचाही गॅस भरलेला मूळ लांबीचा शॉकअप पुरेसा आहे. गॅसचा फायदा एवढाच की खडबडीत रस्त्यावर सतत वर-खाली होताना आतल्या तेलाला फेस कमी येतो. फेस आला की शॉकअप मऊ पडतो, नेमका तेव्हा जेव्हा त्याची गरज असते. बिलस्टाइनसारख्या मोनोट्यूब (एकाच नळीच्या) शॉकअपमध्ये गॅस आणि तेल यांच्यामध्ये तरंगता पिस्टन असतो, म्हणून ते तासभर घाट उतरलं तरी तसंच काम करतात. छान वस्तू आहे, मी स्वतः वापरतो. पण त्या किमतीत तुमचं टायरांचं बजेट जाईल, आणि टायर आधी. शॉकअपसोबत वरचं माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉपर आणि धुळीचं रबर नवंच घाला. ते उघडायची मजुरी एकदाच लागते.

स्प्रिंगच्या वेढ्यांत अडकवायचे रबरी बफर सध्या सगळीकडे विकले जातायत. ग्राउंड क्लिअरन्स वाढतो, गाडी झुकत नाही म्हणून. झुकणं कमी होतं हे खरं, कारण दोन-तीन वेढे कामातून काढून टाकले की उरलेल्या वेढ्यांची स्प्रिंग कडक होते. पण कडक झालेल्या स्प्रिंगला आवरायला शॉकअप जुनाच, आणि बफरच्या कडेला एकाच जागी ताण येऊन स्प्रिंग तुटलेल्याही मी बदलल्या आहेत. टाकू नका. चाक बाहेर काढणारे स्पेसरही नकोत, बेअरिंगवरचा भार वाढतो आणि स्टिअरिंग खड्ड्यागणिक ओढतं. बॉनेटखाली दोन स्ट्रटना जोडणारा चकचकीत बार लावायची फार हौस असेल तर लावा, नुकसान नाही, पण तुमच्या गाडीत तो जाणवणार नाही.

झुकणं खरंच कमी करायचं असेल तर पुढच्या टप्प्यात अँटी-रोल बारकडे, म्हणजे डावी-उजवी बाजू जोडून झुकणं रोखणाऱ्या दांड्याकडे, बघता येईल. या बारची ताकद त्याच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढते, २२ चा २४ मिलिमीटर केला तरी सुमारे ४० टक्क्यांनी कडक. पण पुढचा बार जाड केला तर नाक बाहेर पळणं वाढतं. मागे जाड केला तर नाक आत येतं, पण ओल्या रस्त्यावर शेपूट हलकी होते. तुमची डिझेल पुढे जड आहे म्हणून मागे थोडा कडकपणा चालेल, तरी एक पावसाळा नव्या टायरवर काढल्याशिवाय मी हे तुमच्या गाडीला करणार नाही.

सगळं बसलं की अलाइनमेंट. शॉकअप उतरवला की चाकाचे कोन बदलतातच, त्यामुळे "परवाच केलंय" हे चालत नाही. आधीची आणि नंतरची प्रिंट मागा. तुमच्या गाडीत फक्त टो, म्हणजे वरून बघितल्यावर चाकं आत-बाहेर किती वळलीत तो कोन, सेट करता येतो. कॅम्बर, म्हणजे समोरून बघितल्यावर चाकाचा तिरपेपणा, कारखान्यातून ठरलेला असतो. दोन्ही बाजूंच्या कॅम्बरमध्ये अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक दिसला तर काहीतरी वाकलंय: आर्म, स्ट्रट किंवा नकल (चाक धरणारा भाग). ते शोधून बदलायचं. काही ठिकाणी हायड्रॉलिक जॅक लावून स्ट्रटच वाकवतात आणि "कॅम्बर काढला" म्हणून वेगळे पैसे घेतात. तसा जॅक दिसला की गाडी काढून घ्या.

कायद्याचंही एकदा बघून घ्या. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल करता येत नाही, आणि अपघात झाला की विम्याचा सर्व्हेअर पहिल्यांदा असल्याच गोष्टी शोधतो. कंपनीने त्याच मॉडेलला दिलेलं टायरचं माप आणि मूळ उंचीचे शॉकअप याच्यावर बोट ठेवणं अवघड आहे. तरी टायरचं माप बदलल्यावर विमा कंपनीला एक मेल टाकून ठेवा.

हिशोब असा बसतो. चार टायर प्रत्येकी साधारण ५,००० ते ६,५०० धरून २०,००० ते २६,०००. चार शॉकअप, माउंटिंग, आर्मचे बुश, लिंक रॉड आणि मजुरी मिळून पार्टच्या निवडीप्रमाणे १२,००० ते १६,०००. १४ च्याच रिमवर राहिलात तर ४०,००० च्या आसपास बसतं. अलॉय घेतल्या तर वरचे पैसे. क्रम मात्र पाळा. आधी बुश आणि शॉकअप, मग टायर, शेवटी अलाइनमेंट. नवे टायर आधी टाकून मेलेल्या शॉकअपवर दोन महिने फिरलात तर त्या नव्या टायरवरही तेच उंच-सखल डाग पडतील.

आणि नाकाचं राहिलं. तुम्ही लिहिलंय की उतरताना, साखरप्याच्या बाजूला जास्त होतं. उतारावर वजन आधीच पुढे असतं, त्यात वळणात शिरल्यावर ब्रेक लावला तर पुढच्या टायरला वळायचंही आणि थांबायचंही. एवढ्याशा रबराला दोन्ही एकदम झेपत नाही. ब्रेक वळणाच्या आधी, चाकं सरळ असताना पूर्ण करा, गिअर ज्यात चढता त्यातच उतरा, आणि वळणात ॲक्सिलरेटरला पाय नुसता टेकवून ठेवा. पुढच्या फेरीला, काहीही खर्च करायच्या आधी, हवा बरोबर भरून हे एवढंच करून बघा आणि नाक किती पळतं ते मला कळवा. त्यावरून टायर बदलायचे ते आत्ताच की पावसाळ्याच्या तोंडावर, ते ठरवू.